किडनी कमजोर झालीय, पण डायलिसिस अजून लांब आहे? मग ही वर्षं अशी सांभाळा

मिरजेतल्या एका डायलिसिस युनिटमध्ये मी सिस्टर आहे. जत, कवठेमहांकाळ, शिरोळ, पलीकडे अथणीपासून पेशंट येतात. नवीन माणूस आला की मी आधी त्याचे जुने रिपोर्ट मागते. बहुतेक वेळा ते कॅरीबॅगेत कोंबलेले असतात. तारखेप्रमाणे लावले की दिसतं, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारा रक्तातला आकडा, काही एका रात्रीत नऊवर गेलेला नाही. कधीकाळी तो १.५ होता, मग १.९, मग २.६. दरवेळी कुणीतरी "थोडं वाढलंय" म्हणालं आणि कागद घडी घालून कपाटात गेला. मधल्या त्या चार-पाच वर्षांत खूप काही करता येतं. ज्यांचं क्रिएटिनिन आज दीड-दोनच्या घरात आहे त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्यांसाठी मी हे लिहितेय.

किडनीचा गेलेला भाग सहसा परत येत नाही. पण उरलेला भाग दहा-पंधरा वर्षंही साथ देतो, हे मी ओपीडीत येणाऱ्या कितीतरी जणांत बघते. औषध कोणतं आणि किती, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. घरी जे करायचं असतं, ते मी सांगते.

आधी दोन आकडे समजून घ्या

क्रिएटिनिन हा स्नायूंमधून रोज तयार होणारा कचरा. किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते, ती मंदावली की तो रक्तात साठतो. पण नुसता हा आकडा फसवतो. १.४ हे क्रिएटिनिन तीस वर्षांच्या पुरुषाचं असेल तर किडनीचा रक्त गाळायचा वेग, म्हणजे ईजीएफआर, साधारण ६९ येतो. तेच १.४ पासष्ट वर्षांच्या मावशींचं असेल तर ईजीएफआर साधारण ४२. कागदावर दोघांच्याही नावापुढे १.४ लिहिलेलं असतं आणि मावशींना घरी सांगितलं जातं की जरासंच वाढलंय. म्हणून लॅबला ईजीएफआर छापायला सांगा. तो वय, स्त्री की पुरुष आणि क्रिएटिनिन यांवरून काढतात, वेगळं रक्त लागत नाही.

९० किंवा जास्त असेल तर पहिली पायरी, ६० ते ८९ दुसरी, ४५ ते ५९ तिसरीची पहिली अर्धी, ३० ते ४४ तिसरीची दुसरी अर्धी, १५ ते २९ चौथी आणि १५ च्या खाली पाचवी. पहिल्या दोन पायऱ्यांना आजार तेव्हाच म्हणतात जेव्हा लघवीतून प्रथिनं जात असतात किंवा सोनोग्राफीत काही बिघाड दिसतो. आणि 'जुनाट' हा शब्द लागायला बिघाड किमान तीन महिने टिकलेला असावा लागतो. जुलाब-उलट्या झाल्यावर, तापात किंवा लघवी अडली तरी क्रिएटिनिन चढतं आणि नंतर उतरतं. त्यामुळे एका रिपोर्टवर घाबरून जाऊ नका, पण पुन्हा तपासायचं टाळूही नका.

दुसरा आकडा लघवीचा. यूरिन एसीआर, म्हणजे लघवीतून किती प्रथिनं जातात याचं मोजमाप. ही तपासणी आपल्याकडे फारच कमी होते याचं मला वाईट वाटतं, कारण रक्तात काही दिसायच्या कितीतरी आधी ही तपासणी सांगून जाते. सकाळची पहिली लघवी द्यायची. ३० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू, ३०० च्या वर म्हणजे गळती जोरात. लघवीला फेस येऊन तो बराच वेळ टिकत असेल तर ही तपासणी करून घ्याच. साखरेचा पेशंट असेल तर फेस असो-नसो, वर्षातून एकदा. ताप, लघवीचं इन्फेक्शन किंवा पाळी चालू असताना मात्र देऊ नका, आकडा खोटा वाढून येतो.

शाळेची एक शंभर पानी वही घ्या. उभ्या रेघा मारा: तारीख, क्रिएटिनिन, ईजीएफआर, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, एसीआर, बीपी, वजन. जुने सगळे रिपोर्ट काढून एकदा बसून भरा. घरात नववी-दहावीचं पोर असेल तर त्याला ईजीएफआरचा आलेख काढायला सांगा. उतार सावकाश असेल तर नेहमीच्या डॉक्टरांकडे नियमित जात राहणं पुष्कळदा पुरतं. वर्षाला पाचपेक्षा जास्त घसरत असेल, एसीआर ३०० च्या वर असेल किंवा ईजीएफआर ३० च्या खाली गेला असेल, तर किडनीच्या तज्ज्ञांना, म्हणजे नेफ्रॉलॉजिस्टना दाखवायला उशीर लावू नका.

आणि एक प्रश्न स्पष्ट विचारा: "डॉक्टर, माझी किडनी कशामुळे बिघडली?" साखर आणि बीपी ही मोठी कारणं. पण प्रोस्टेट वाढून किंवा खड्यामुळे लघवी तुंबत असेल तर अडथळा काढता येतो. तरण्या माणसाला सूज आणि लघवीतून प्रथिनं असतील तर बायोप्सी करून नेमका उपचार करता येतो. पॉलिसिस्टिक किडनी, म्हणजे किडनीत पाण्याच्या गाठी असतील तर ती घराण्यातून आलेली असते, मग भावंडांचीही तपासणी करायला हवी. कारण माहीत नसताना नुसतं पथ्य पाळत बसलं तर हे सगळं हातचं जातं.

बीपी घरी कसं मोजायचं

किडनीसाठी सगळ्यांत जास्त काम करणारी गोष्ट बीपीचा ताबा, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक डॉक्टर १३०/८० च्या खाली ठेवायला सांगतात. काहींना त्याहून कमी चालतं, म्हाताऱ्या आणि चक्कर येणाऱ्या माणसांना थोडं जास्त. तुमचा आकडा विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

मशीन दंडावर बांधायचं घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, जाड दंडावर छोटा पट्टा आवळला तर बीपी जास्त दाखवतो. मोजायच्या आधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री काही नाही. लघवीला जाऊन या. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजा. सकाळी गोळी घ्यायच्या आधी आणि संध्याकाळी. डॉक्टरांकडे जायच्या आधीचा आठवडाभर असं लिहून नेलं तर गोळी वाढवायची की नाही हे त्यांना नीट ठरवता येतं. दवाखान्याचा जिना चढून आल्या आल्या घेतलेल्या एका आकड्यावर ते ठरवणं अवघड असतं.

तंबाखू आणि मिश्री सोडा. साखरही ताब्यात हवी. आणि एक लक्षात ठेवा: किडनी कमजोर झाली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं. पूर्वीच्याच डोसवर साखर अचानक उतरायला लागली तर "साखर बरी झाली" असं समजू नका, लगेच डॉक्टरांना सांगा.

मीठ

या विषयावर मी जास्त बोलणार आहे, कारण आमच्या भागातलं मीठ भाजीत कमी आणि आजूबाजूला जास्त असतं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ. म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, सगळं धरून. घरी माणशी किती जातं हे कळायला सोपा हिशेब आहे. चार माणसांचं घर, माणशी ५ ग्रॅम, तर महिन्याला ६०० ग्रॅम. मिठाची एक किलोची पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. ती दीड महिन्याच्या आत संपली, तर मीठ जास्त चाललंय. आणि यात लोणचं, पापड, फरसाण, बेकरीचा माल धरलेलाच नाही.

आता आजूबाजूचं मीठ बघा. सांगली-कोल्हापूरकडे उन्हाळ्यात वर्षाची चटणी करतात, कांदा-लसूण घालून. ती टिकावी म्हणून कुटतानाच तिच्यात मीठ घालतात. मग आमटीला दोन चमचे चटणी आणि वर पुन्हा मीठ. माझा सल्ला असा की कांडपाला जाताना किलो-अर्धा किलोची चटणी मिठाशिवाय वेगळी कुटून घ्या आणि ती फ्रीजमध्ये ठेवा. त्या चटणीत केलेली आमटी चवीला कुठेही कमी पडत नाही, मिठाचा हात फक्त आपल्या ताब्यात राहतो. खर्डा वाटतानाही तेच करा. मिरची, लसूण, थोडे शेंगदाणे, लिंबू पिळा, मीठ बोटाच्या टोकावर येईल एवढंच.

पापडात मीठ असतं आणि पापडखारही, म्हणजे सोडियम दोन्हीकडून. कुरडया, सांडगे, खारवलेली मिरची, खारे शेंगदाणे, सुकी मासळी, सॉस, नूडल्सच्या पुडीतला मसाला, पोटात गॅस झाला की पाण्यात फसफसवून घ्यायची पावडर, ही सगळी त्याच रांगेत. ताटात डावीकडे मीठ वाढायची पद्धतच बंद करा. भाकरीच्या पिठात मीठ घालत नाही हे चांगलंच आहे, चपातीच्या कणकेतही सोडून द्या. पंधरा-वीस दिवस अळणी वाटतं, मग जिभेला सवय होते. पेशंटचं वेगळं पातेलं चढवण्यापेक्षा घरातल्या सगळ्यांचंच मीठ कमी करावं, असं मी म्हणते. वेगळं अळणी ताट पुढ्यात आलं की माणूस एकटा पडतो आणि चोरून लोणचं खातो.

सैंधव आणि काळं मीठ चालतं का, हे मला रोज विचारतात. दोन्हींतही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं, तेव्हा मोजायचं तसंच. आणि दुकानात 'लो सोडियम' म्हणून जे मीठ मिळतं ते किडनीच्या पेशंटनं मुळीच घेऊ नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. कमजोर किडनीला ते बाहेर टाकता येत नाही आणि रक्तातलं पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. मुलगा-सून काळजीनं महागाचं मीठ आणून देतात आणि त्रास वाढतो, असं मी बघितलेलं आहे. पाकिटाची मागची बाजू वाचा.

डाळ बंद करू नका

क्रिएटिनिन वाढलं की घरातले आधी डाळ बंद करतात, मग उसळ, दूध, अंडं. पेशंट भात आणि पाणचट भाजीवर राहतो, वजन उतरतं, दंड बारीक होतात. अशी माणसं आमच्याकडे आली की सांभाळणं फार जड जातं. डायलिसिसच्या आधीच्या काळात साधारण किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिनं चालतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ४८ ग्रॅम. दिवसभरात चार मध्यम ज्वारीच्या भाकरी, एक वाटी आमटी, थोडा भात, एक पेला दूध, वाटीभर दही आणि एक अंडं एवढ्यात ते साधारण भरतं. अंडं चालत नसेल तर त्या जागी छोटी वाटी मुगाची उसळ. म्हणजे रोजचंच जेवण बेतानं. टाळायचं ते प्रोटीन पावडर आणि जत्रेच्या आठवड्यात दोन्ही वेळा मटण. डायलिसिस सुरू झाल्यावर तर उलटं होतं, प्रथिनं वाढवावी लागतात, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम. शेजारच्या काकांचं डायलिसिसचं पथ्य तुम्हाला लागू होत नाही, ते यामुळेच.

पोटॅशियमचंही तसंच. फळं आणि पालेभाज्या सरसकट बंद करायच्या नसतात. रक्तात पोटॅशियम ५ च्या पुढे सरकायला लागलं की डॉक्टरांना विचारून आवरायचं. मग केळी, मोसंबी-संत्री, टोमॅटो, बटाटा, रताळं, सुकामेवा, गूळ यांवर लक्ष ठेवा. सफरचंद, पेअर, अननस एका वेळी थोडं खाल्लं तर चालतं. भाजी सोलून बारीक चिरायची, कोमट पाण्यात तास-दोन तास भिजत ठेवायची, ते पाणी ओतून द्यायचं, भरपूर नव्या पाण्यात उकडायची आणि तेही पाणी टाकून मग फोडणी. बटाट्यातलं पोटॅशियम अशानं बरंच उतरतं. उकडलेलं पाणी आमटीला वापरलं तर सगळी मेहनत फुकट. भेटायला येणाऱ्यांना प्रेमानं सांगा की शहाळं आणू नका. आजाऱ्याला शहाळं न्यायची आपल्याकडे रीत आहे, पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

कमरख, म्हणजे कापलं की चांदणीसारखं दिसणारं ते फळ, किडनीच्या पेशंटनं एक फोडही खाऊ नये. त्यातलं विष किडनी बाहेर टाकू शकत नाही, ते मेंदूवर जातं. उचक्या, भ्रम, झटके येतात.

फॉस्फरससाठी दोन ओळी पुरेत. कोला, चीज, पाकीटबंद मांस सोडा. आणि फॉस्फरसची गोळी दिली असेल तर ती जेवणाच्या घासांबरोबरच घ्या, तासाभरानं घेतली तर उपयोग नाही.

पाणी किती?

"भरपूर पाणी प्या, किडनी धुऊन निघेल" हे सगळ्यांना लागू नाही. सूज नाही, लघवी नीट होतेय, तर तहानेप्रमाणे प्या. खडे होत असतील तर डॉक्टर जास्त प्यायला सांगतात. पायावर सूज असेल, झोपल्यावर दम लागत असेल, तर डॉक्टर मोजून देतील. तेवढं पाणी सकाळी एका बाटलीत भरून ठेवा आणि चहा, ताक, आमटीचं पातळ पाणीही त्यातच धरा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी वजन करा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन-तीन दिवसांत वजन दीड-दोन किलोनं चढलं तर ते अंगात साठलेलं पाणी आहे, वाट बघू नका. दोन डायलिसिसच्या मध्ये चार-चार किलो वाढून येणारे बहुतेक जण पाण्याला दोष देतात. विचारत गेलं की आदल्या दिवशीचं खारट निघतं, कारण मीठ आत गेलं की तहान आवरत नाही.

पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर

जतकडचे एक शेतकरी काका, गुडघे दुखतात म्हणून वर्षानुवर्षं मेडिकलमधून गोळी घ्यायचे. "पॅरासिटामॉलच आहे सिस्टर" म्हणून त्यांनी पाकीट दाखवलं. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं: ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. पुढच्या बाजूला नाव एकच असतं, औषधं दोन असतात. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नायमेसुलाइड, नॅप्रोक्सेन ही नावं कागदावर लिहून गोळ्यांच्या डब्याला चिकटवा. यांतलं काहीही पाकिटावर दिसलं तर किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. या गोळ्या किडनीकडे जाणाऱ्या रक्ताचा पुरवठा आवळतात. साध्या दुखण्याला एकटं पॅरासिटामॉल, सांगितलेल्या मात्रेत चालतं. कणकण आली म्हणून दवाखान्यात सुई घेताना आधी सांगा, "मला किडनीचा त्रास आहे." सीटी स्कॅनला डाय, म्हणजे फोटो स्पष्ट यावा म्हणून शिरेतून सोडायचं औषध, देणार असतील तिथेही हेच वाक्य.

उन्हात राबणाऱ्यांनी जास्त जपायला हवं. पाणी कमी, घाम जास्त आणि वर अंगदुखीची गोळी, हे किडनीला सोसत नाही. निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमध्ये ऊसतोड मजुरांना साखर-बीपी नसताना किडनीचा आजार झाल्याचं आढळलं आहे, आणि उष्णतेतले कष्ट हे त्यामागचं एक मोठं कारण मानतात. आंध्रातल्या उद्दानम भागातही असाच आजार आहे. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्यांनी पाणी जवळ ठेवावं, दुपारी सावलीत बसावं आणि वर्षातून एकदा क्रिएटिनिन बघावं.

किडनी बरी करतो म्हणून पुड्या, भस्मं, काढे देणारे गावोगावी आहेत. घरच्यांची धडपड मला समजते, माणूस आशेनं जातो. पण ज्या पुडीवर घटक लिहिलेले नाहीत ती घेऊ नका. भस्मात पारा, शिसं निघू शकतं आणि काही वनस्पती किडनीला कायमची इजा करतात. काही चालूच असेल तर ते लपवू नका, पुडी डॉक्टरांसमोर ठेवा. चालू असलेल्या गोळ्या मात्र कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.

गोळ्यांबद्दल जे माहीत हवं

टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या गटातल्या गोळ्या बीपीही उतरवतात आणि लघवीतली प्रथिनांची गळतीही. सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं चढू शकतं. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात, कारण पुढच्या वर्षांत त्याच गोळीनं किडनी टिकते. पण रिपोर्टमध्ये आकडा वाढलेला दिसला की कितीतरी लोक घाबरून गोळी सोडतात. सोडू नका. दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासा आणि दाखवा. बाळंतपणाचा विचार असेल तर हे आधीच सांगा, गरोदरपणात या गोळ्या चालत नाहीत.

डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन आल्या साखरेच्या गोळ्या म्हणून, पण साखर नसलेल्यांमध्येही किडनीची घसरण मंदावते असं मोठ्या अभ्यासांत दिसलं. दोन्हींची पेटंट आपल्याकडे संपली आहेत, त्यामुळे स्वस्त कंपन्यांच्या गोळ्या मिळतात. "माझ्यासाठी ही आहे का?" असं डॉक्टरांना जरूर विचारा. घेत असाल तर लघवीची जागा स्वच्छ-कोरडी ठेवा, खाज किंवा जळजळ झाली तर लाजू नका, सांगा. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी ईजीएफआर ३० च्या खाली बंद करतात, तेव्हा तो आकडा डॉक्टरांपर्यंत पोचला पाहिजे.

जुलाब-उलट्या, खाणंपिणं बंद, अशा दिवसांसाठी आधीच विचारून ठेवा: कोणत्या गोळ्या थांबवायच्या? या वरच्या गोळ्या, मेटफॉर्मिन आणि लघवी वाढवणारी गोळी अशा दिवसांत थोडक्या काळासाठी थांबवायला सांगतात. पुन्हा कधी सुरू करायच्या तेही विचारा. उत्तर वहीत लिहून घ्या, कारण अशी वेळ नेमकी रविवारी रात्री येते.

दम लागतो, थकवा येतो तेव्हा हिमोग्लोबिन बघा. किडनी रक्त तयार करायला लावणारं एक संप्रेरकही बनवते, ते कमी पडलं की नुसती बीट-खजूर खाऊन रक्त वाढत नाही. लोह आणि गरजेप्रमाणे इंजेक्शन लागतं.

ईजीएफआर वीस-पंचवीसवर आला की

इथे पुष्कळ घरांत बोलणंच थांबतं. डायलिसिसचं नाव काढलं तर माणूस खचेल असं वाटतं. मला उलटा अनुभव आहे. तयारीनं आलेला माणूस धीराचा असतो आणि अर्ध्या रात्री धापा टाकत आलेल्याचे हाल होतात, मानेत नळी घालावी लागते, तिला इन्फेक्शनचा धोका.

पहिलं काम, ज्या हातानं लिहीत नाही तो हात जपा. त्या हाताच्या मनगटाच्या वर सुई, सलाईन, रक्त काढणं काही नको. लॅबवाल्यांना तळहाताची मागची बाजू दाखवा. याच हातात पुढे फिस्टुला करतात, म्हणजे शीर आणि रोहिणी जोडतात. ती तयार व्हायला दीड ते तीन महिने लागतात, म्हणून आधी करायची. झाल्यावर रोज सकाळी तिच्यावर बोटं टेकवून बघा. मांजर घुरघुरताना पाठीला हात लावल्यावर लागते तशी थरथर लागली पाहिजे. ती थांबली तर उद्यावर टाकू नका, त्याच तासाला युनिटला फोन. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, घट्ट बांगड्या नाहीत, दुधाचा कॅन नाही, डोक्याखाली घेऊन झोपणं नाही.

हिपॅटायटिस बीची लस याच काळात घ्या. किडनीच्या पेशंटना सहसा दुप्पट मात्रेचे चार डोस देतात, सुरुवातीला, मग पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या महिन्यात. उशीर केला तर लस नीट लागत नाही. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसीचंही विचारा.

घरी करायचं पोटाचं डायलिसिसही असतं. आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनवर यायला गाव फार लांब असेल तर त्याचा विचार करा. आणि प्रत्यारोपण डायलिसिस सुरू व्हायच्या आधीही करता येतं, हे अनेकांना माहीत नसतं. किडनी कोण देऊ शकतं? १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको, आजी-आजोबा, नातवंडं हे जवळचे नातेवाईक धरले जातात. रक्तगट जुळत नसला तरी दोन कुटुंबांत अदलाबदल करता येते. देणारं कुणी नसेल तर मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय प्रत्यारोपण समित्यांच्या यादीत, मृत दात्याच्या किडनीसाठी, नाव लागतं. ते प्रत्यारोपण करणाऱ्या हॉस्पिटलमार्फत नोंदवायचं. मला एक मनापासून सांगायचंय. घरात किडनी द्यायचा विषय निघाला की सगळ्यांचे डोळे आई किंवा बायकोकडे वळतात. तिला एकटीला बसवून विचारा, तिची इच्छा काय आहे. आणि पेशंट जर ती असेल, तर भावांची, मुलांची, नवऱ्याची तपासणीही तेवढ्याच तत्परतेनं व्हावी.

खूप वय झालेल्या, बाकी आजारांनी थकलेल्या माणसाला डायलिसिस नको असेल तर औषधांनी त्रास कमी ठेवून सांभाळता येतं. तोही उपचारच आहे. त्यांना विचारून, डॉक्टरांसमोर बसून ठरवा.

पैशाचं आधी बघून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांतही मशीन आहेत. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात. ईजीएफआर वीसवर आला की रेशन कार्ड आणि आधार घेऊन एकदा त्यांच्याकडे जा. दोन्हींवरची नावं जुळतात का, पेशंटचं नाव कार्डात आहे का, हे बघून घ्या. लग्नाआधीचं नाव एका कागदावर आणि नंतरचं दुसऱ्यावर, यात बायकांची कामं फार अडतात. तहसीलच्या पुरवठा शाखेत दुरुस्तीला वेळ लागतो, तो तुमच्या हातात आत्ता आहे.